माइकपुढचं गाऱ्हाणं

शनिवार, २० जानेवारी २००७

या ट्रकवाल्यांना कोणी विचारणारा आहे की नाही? डिचोलीहून पाळीला यायला पाऊण तास पुरे, आज अडीच तास लागले. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आमची बस, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ती लाल धूळ. कंडक्टर म्हणाला, मावशी, खिडकी लावा. मी म्हटलं, खिडकीला काच कुठाय रे, लावू काय, माझं कपाळ? सगळी बस हसली. दोडामार्गाहून निघताना साडी पांढरी होती, त्यावर निळी फुलं. उतरले तेव्हा फुलंही लाल, मीही लाल.

पण घर बघितलं आणि राग उतरला. मोठं घर, जमीन गार, विहिरीचं पाणी गोड. मागे खाणीची टेकडी अर्धी खाल्लेली, पण पुढे सुपारीची सावली आहे. मला वेगळी खोली, खोलीला कडी. आजूबाजूची घरं बंद. धुळीला कंटाळून लोक गेले म्हणे. मला काय, मला शांत बरं.

माईंना बघून घेतलं. नाव कमलाक्षी, पण सगळे माईच म्हणतात. एके काळी मराठी शाळेत मास्तरीण. डावं अंग गेलेलं, उजवा हात चांगला. वाचा दोन वर्षं बंद. डॉक्टर म्हणतात जीभ ठीक, गळा ठीक, का बोलत नाहीत ते देवाला ठाऊक. मी आंघोळ घातली, पेज भरवली. डोळे मात्र एकदम जागे. माझ्याकडे असं बघतात की उगाच पदर सरळ करावासा वाटतो.

ही वही श्रीनाथबाबांनी ठेवायला सांगितली. ते माईंचे पुत्र, मस्कतला असतात. रोज काय खाल्लं, कुठलं औषध, पोट कसं, सगळं लिहून ठेवा म्हणाले. मी चौथी पास, आणि चौथीला बसायला मिळालं ते पण गुरुजी बापाच्या ओळखीचे म्हणून. पण लिहीन. औषधं मागच्या पानांवर, माझं पुढच्या पानांवर. वाचा हवं तर. मी कोणाला भीत नाही.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी लिहून ठेवते. माझं काम पंधरा फेब्रुवारीपर्यंत. त्या दिवशी नवी बाई येणार, असं ठरलंय. माझ्या लेकीचं, प्राजक्ताचं बाळंतपण आहे फेब्रुवारीअखेर, तिला पेडण्याहून, जावई गोकुळदासांच्या घरून, माहेरी आणायचंय. पहिल्या वेळी सासरीच ठेवली. दुखायला लागलं तरी सासू म्हणे अजून वेळ आहे, अजून वेळ आहे. मूल गेलं. या वेळी मी जवळ असणार. त्यात बदल नाही.

रविवार, २१ जानेवारी

सकाळी पाववाला पोदेर आला, पों पों करत. पोयी ताजी, गरम. माईंनी चहात बुडवून अर्धी खाल्ली.

अकरा वाजता कंप्युटर. हॉलमध्ये क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला, देवाला झाकावं तसा. पडदा टीव्हीएवढा जाड, खालचा डबा पिवळा पडलेला, चालू केला की दळणाच्या गिरणीसारखा घरघरतो. श्रीनाथबाब दर रविवारी त्यावरून बोलतात. फोनची लाईन मस्कतहून दोन मिनिटांत तुटते, यावर तासभर बोलता येतं. घरचा फोन बाहेरदेशी लागत नाही, त्याला कुलूप. त्यांनी केला तरच येणार.

मी माईंना खुर्चीत बसवून पुढे आणलं. डबा सुरू केला तसा माईंनी माझं मनगट धरलं. इतका घट्ट, की बांगडी रुतली. पुताची ओढ, म्हटलं.

त्यांचा आवाज छान आला. आमचा जाईना. ते आपले हॅलो हॅलो. मी म्हटलं ऐकतेय बोला. ते परत हॅलो. मी इतकी ओरडले की मागल्या दारची कोंबडी उडाली. त्यांना काही नाही. मग म्हणाले, माइकची गुलाबी पिन डब्यामागच्या गुलाबी भोकात घट्ट आहे का बघा. वाकून बघितली. हिरव्यात होती. गुलाबीत घातली. नाही. काढून परत घातली. नाही. पडद्यावर कोपऱ्यात भोंग्याचं चित्र आहे, त्यावर दाबा, ‘म्यूट’वर खूण असेल ती काढा म्हणाले. मला इंग्रजी कुठली येते! एक एक अक्षर बघून काढली. नाही.

शेवटी त्यांनी फोन केला. मी पहिलं पंधरा तारखेचं काढलं. ते म्हणाले, जानकीबाय, ते रविवारी कंप्युटरवर सावकाश बोलू, तोवर पाळी नाक्यावरच्या सगुणला बोलवून दुरुस्त करून घ्या. आणि लाईन तुटली. तुटली की तोडली, तो त्यांचा प्रश्न.

मंगळवार, २३ जानेवारी

सगुण आला. चाळिशीचा, पोट सुटलेला, जिभेला हाड नाही. नाक्यावर दुकान आहे, कंप्युटर, झेरॉक्स, फॅक्स, फोनबूथ सगळं एकाच खोलीत. डब्याचं झाकण काढलं आणि आतून एवढी लाल धूळ निघाली की म्हणाला, मावशी, हा कंप्युटर नव्हे, ही खाण, लीज घेऊया. मी म्हटलं आधी चालू कर, मग लीज घे.

ब्रश मारला, फुंकलं, पिना पुसल्या. आपल्या दुकानातला दुसरा माइक लावून बघितला. पुढचं भोक, मागचं भोक. पडद्यावर एक हिरवी पट्टी असते, बोललं की उड्या मारते. मी बोलले, पट्टी झोपलेली. त्याने काहीतरी काढून परत घातलं, डबा तीनदा बंद करून चालू केला. पट्टी झोपलेलीच.

म्हणाला, आवाजाच्या पत्र्याचा, म्हणजे साउंड कार्डाचा, येणारा रस्ता चालू आहे, जाणारा मेलाय. तिकडचं इथं येईल, इथलं तिकडं जाणार नाही. एवढ्या जुन्या डब्याला नवा पत्रा आता म्हापशातही मिळत नाही, शोधतो म्हणाला. आवाज धरून परत ऐकवायची एक खिडकी आहे, ती मला शिकवून ठेवली. लाल गोळ्यावर दाबून बोलायचं, मग बाणावर दाबून ऐकायचं. काही ऐकू आलं तर नशीब माना, म्हणाला.

जाताना माईंना म्हणाला, बाई, मी तुमच्याकडे तिसरीत होतो, तुम्ही माझे कान पिळले होते. माईंच्या डोळ्यांत हसू आलं. पहिल्यांदाच बघितलं.

रविवार, २८ जानेवारी

आज मी माणूस नव्हे, भिंत.

श्रीनाथबाबांनी आपणच बोलणं चालवलं. आई बरी ना, बरी असणारच. पूर्वी घरात तिची तक्रार संपत नव्हती, पण कंप्युटरवर आली की किती गोड, होय बाळा, होय बाळा, एवढंच. आता तेही नाही, म्हणाले आणि नाक ओढलं. माईंचा हात माझ्या मनगटावर, आणि डोळ्यांतून पाणी.

मग काढलं. पंधरा तारखेची बाई येत नाही म्हणे. तिला दुसरीकडे मिळालं. तर जानकीबाय, तुम्ही थोडं पुढे राहाल का, होय की नाही ते सांगा.

मी सांगितलं, नाही! माइक तोंडात घालून सांगितलं, नाही, नाही, नाही! पट्टी झोपलेली. ते म्हणाले, ऐकू येत नाही, बरं, पुढच्या रविवारी सांगा.

ऐकू न येणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायला काय जातं? माझी पोर तिकडे दिवस मोजतेय.

सोमवार, २९ जानेवारी

झाला! चालू झाला! 

दुपारी माई झोपल्या. मी डबा चालू करून बसले. त्या खिडकीत लाल गोळा दाबला आणि बोलायला गेले. पण यंत्राला बोलायचं काय? सगुण वन टू थ्री करत होता. मला ते हास्यास्पद वाटतं. आणि मला राग इतका होता की तोंडातून आलं ते गाऱ्हाणंच आलं.

माझा बाप आमच्या गावचा घाडी. जत्रेला, लग्नाला, कोणाची म्हैस हरवली तरी देवापुढे गाऱ्हाणं घालणारा तो. तो एक एक वाक्य बोलायचा आणि सगळा गाव मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा. बाईमाणसाने घालायचं नसतं. पण ऐकून पाठ आहे. मी हात जोडले आणि म्हटलं, बा म्हाराजा, जो कोण या डब्यात बसला असशील तो, आज ही जानकी तुझ्यापुढे उभी रवली आसा, तिचो शब्द पलीकडे जायना, काय व्हया ता घे, पण माझो आवाज श्रीनाथबाबाच्या कानापर्यंत पोचव रे म्हाराजा!

हिरवी पट्टी उठली. खालपासून वरपर्यंत. आणि भोंग्यातून आलं, ‘व्हय म्हाराजा.’

बायकी आवाज होता, लांबून आल्यासारखा. माझाच धरलेला आवाज परत आला असणार. मी बाण दाबला नव्हता, पण चुकून दाबला गेला असेल. काही का असेना, जाणारा रस्ता उघडला.

आत गेले तर माई जाग्या. माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, इकडून तिकडे, इकडून तिकडे. उकडलं असेल म्हणून पंखा लावला.

रविवार, ४ फेब्रुवारी

मी या माणसाचं काय करू?

अकरा वाजता ते म्हणाले, हॅलो. मी म्हटलं, ऐकू येतंय का. ते आनंदाने ओरडले, अरे वा, एकदम स्वच्छ! मग मी सोडलं का? पंधरा तारखेला मी जाणार, पोरीचं बाळंतपण, एक मूल आधीच गेलंय, तुम्ही शब्द दिला होता, नवी बाई आणायची जबाबदारी तुमची, माई माझ्या आईसारखी पण मी बांधलेली म्हैस नव्हे. सगळं सांगितलं, श्वास न घेता.

ते म्हणाले, थँक्यू जानकीबाय. मला वाटलं होतंच तुम्ही राहाल. मग होळीचा शिगमो होईपर्यंत नक्की ना?

मी म्हटलं, कान आहेत की चाळणीची भोकं? नाही राहणार!

ते म्हणाले, देव तुमचं भलं करो. किती गोड बोलता हो तुम्ही, फोनवर केवढ्या कडक वाटलात.

मोठे साहेब! बहिऱ्याचं सोंग घेता काय? ही वही तुम्ही वाचणार ना? वाचा. सोंग आहे हे.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

सोंग नव्हे.

माईंना झोपवून, दार लावून नाक्यावर गेले, सगुणच्या बूथवरून मस्कतला लावला. सगुण बाजूलाच उभा. मी तोंडाला येईल ते बोलले, सगुणने कान झाकले, मावशी, गिऱ्हाईकं आहेत म्हणाला. पलीकडून श्रीनाथबाब हसत होते. म्हणाले, होय होय काय करता, एवढ्यासाठी बूथवर कशाला आलात, मला कळलंय.

सगुणने रिसीव्हर कानाला लावून ते ऐकलं. त्याचा चेहरा उतरला.

माझ्याबरोबर घरी आला. झाकण काढलं. मागे वाकून बघितलं. मग मला बॅटरी धरायला लावून दाखवलं. गुलाबी भोकाच्या आतल्या तारा पत्र्याला लागलेल्याच नाहीत. तुटून लोंबतायत, टोकं गंजलेली, वर्षांपूर्वीची. मागच्या वेळी धुळीत दिसल्या नाहीत म्हणे. यातून कोणाचाच आवाज जाऊ शकत नाही, मावशी. कधीच गेला नसणार.

मी त्या सोमवारी धरलेला आवाज वाजवायला सांगितला. बाण दाबला. मी बोललेलं एक अक्षर नाही. जिथे जिथे मी श्वास घेतला होता, तिथे तिथे फक्त ‘व्हय म्हाराजा’. माझ्या आवाजात. मी ते म्हटलंच नव्हतं.

सगुणने विचारलं, तू यात काय बोलली होतीस? सांगितलं. म्हणाला, कोणाच्या नावाने घातलंस? कोणाच्याच नाही.

बाप नेहमी सांगायचा. आधी नाव घ्यायचं, मग काय देणार ते मोजून बोलायचं, मग कधीपर्यंत ते. नाव, माप, मुदत. यातलं एक सुटलं तर ते गाऱ्हाणं वाटेवरचा कोणीही उचलतो. मी तिन्ही सोडली. काय व्हया ता घे म्हटलं. घाड्याच्या पोरीने!

सगुण म्हणाला, मी स्वतः श्रीनाथला फोन करून सांगतो, फक्त त्याच्याशी भांडू नकोस, मला चार दिवस दे, मी म्हापशाला जाऊन पत्रा शोधून येतो. त्याने भिंतीतून डब्याची वायर काढली. गुंडाळून वर ठेवली.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

पोदेराला सांगितलं, आज नको, कालचीच आहे. त्याने दहा पोयी ठेवल्या आणि हसत गेला. मी मागून हाका मारल्या. तो हात हलवून म्हणाला, होय बाय, होय, फाल्यांपण, उद्यापण दहा आणतां.

दुकानदाराला सांगितलं, ही साखर ओली आहे, परत घे. त्याने आणखी एक किलो बांधली.

गावच्या पंचाची बायको वाटेत भेटली. म्हणाली, जानकी, बरी आहेस गो? मी म्हटलं, बरी नाही, माझ्या घशाला काहीतरी झालंय. ती म्हणाली, बरं वाटलं ऐकून.

माझ्या कानाला मी नीट ऐकू येते. नीट, जसंच्या तसं, शिव्यांसकट. बाकी जगाला काय ऐकू येतं ते आता कळलं.

मान हलवून बघितली. नाही, नाही. त्यांना गंमत वाटते. तोंड होय म्हणतंय आणि बाई मान हलवते. पोदेर म्हणाला, मावशी खेळकर आहे.

मी! खेळकर!

शनिवार, १० फेब्रुवारी

सगुण आला. मोटरसायकल बंद पण केली नाही. फाटकातूनच विचारलं, श्रीनाथला सांगू की तुमचं तुम्ही मिटवलंत?

मी धावले. मिटलं नाही रे, सांग त्याला, आत्ता सांग, माझी पोर—

त्याचा चेहरा सैल झाला. असा सुटल्यासारखा. मिटलं ना, बरं झालं मावशी, मला चार रात्री झोप नाही म्हणाला. मी वही आणायला आत पळाले. वही घेऊन येईपर्यंत धूळ तेवढी राहिली होती.

पोदेराला वहीचं पान दाखवलं. तो म्हणाला, हांव रोमींतूच, इंग्रजी अक्षरांनीच वाचतां बाय, ही अक्षरां माका कळनात.

सगळ्या जगात मला लिहिता येतं ते एकाच लिपीत. आणि बोलता येतं ते एकाच शब्दात.

रविवार, ११ फेब्रुवारी

वायर भिंतीत नाही. वरच गुंडाळलेली आहे, मी हात लावून बघितला. अकरा वाजता डबा घरघरला.

मी आदोळीवर, भाजीच्या विळीवर, माइकची वायर धरली, नारळ फोडावा तसे दोन तुकडे केले. तुकडे अंगणात फेकले.

श्रीनाथ म्हणाला, जानकीबाय, शिगम्याचं काय, मी दोन वर्षं तरी येऊ शकत नाही. तोवर राहाल ना?

मी तोंडात पदर कोंबला. दोन्ही हातांनी धरला. एक आवाज काढला नाही. देवाशपथ नाही.

भोंग्यातून माझा आवाज आला. व्हय. गोड. लाडात.

तो म्हणाला, आणि आई गेल्यावर? घर सांभाळायला? कायमच्या?

व्हय.

माईंनी माझं मनगट धरलं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज ही वही माईंच्या मांडीवर ठेवली. पेन उजव्या हातात दिलं. हे मला पहिल्या दिवशी का सुचलं नाही! मास्तरीण बाई. सगळे म्हणतात तिला समजत नाही. कोणी कागद दिला नाही.

खूप वेळ लागला. घाम फुटला त्यांना. खाली त्यांचं अक्षर आहे, बघा, ओळखत असाल तर.

*मी पण.*

मी विचारलं, तुम्ही पण गाऱ्हाणं घातलं? मान खाली-वर हलली. पुढे लिहिलं.

*त्याला ये म्हणत होते. दर रविवारी. ये. ये. त्याला होय ऐकू येई. मग मी म्हटलं काय वाटेल ते घे.*

मग पेन पडलं. मी उचलून दिलं.

*आधी होय. मग तेही नाही.*

मग बोटांनी माझं मनगट धरलं. तसंच, रविवारसारखं. ती ओढ नव्हती. त्या मला मागे खेचत होत्या, पहिल्या रविवारपासून. आणि मी म्हटलं पुताची माया.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज मी जायचं होतं.

पिशवी भरली. फाटकापर्यंत गेले. माई आत एकट्या. पाणी कोण देणार? मी गेले तर दोन दिवसांत— आणि कोणाला सांगू? कोणाला सांगितलं तरी होय. परत आले. पिशवी तशीच दारात आहे.

चार वाजता फोन. प्राजक्ता.

म्हणाली, आई, श्रीनाथबाबांनी गोकुळदासांना फोन केला, तू तिथेच राहणार म्हणे. खरं का गो?

मी म्हटलं, नाही बाळा, खोटं, मी येतेय, सासरी राहू नकोस, दुखायला लागलं की वाट बघू नकोस, सरळ हॉस्पिटल, सासूचं ऐकू नकोस—

ती म्हणाली, होय? एवढंच? मागच्या वेळी पण तू नव्हतीस.

मी किंचाळले. गळा फाटला, रक्ताची चव आली.

ती म्हणाली, कळलं. नको बोलू. आणि रडतच ठेवला.

मागच्या वेळी माझं मूल गेलं असं ती म्हणत नाही, तू नव्हतीस म्हणते. आता माझ्याच आवाजाने—

नाही. रडायचं नाही. रडले तरी काय ऐकू जाईल कोण जाणे.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

दुपार. संध्याकाळच्या पोदेराच्या हाती ही वही देणार, मी गेले तर सगुण माझं होय ऐकणार, वहीकडे बघणार नाही. वर सगुणच्या दुकानाची चिठ्ठी बांधलीय, चित्रासकट, पोदेराला कळेल. सगुण, तू वाच. सगळी पानं श्रीनाथला फॅक्स कर. त्याला फोन करून माझ्याशी बोलायला सांगू नकोस. मला फोन करू नकोस. मला काही विचारू नकोस. मी काय म्हणेन ते तुला माहीत आहे.

दुसरा फोन पेडण्याला. गोकुळदासांना. पोरीला आज हॉस्पिटलजवळ हलवा, सासूला विचारू नका. हे पहिलं कर. बाकी सगळं नंतर.

श्रीनाथ, आता तुझ्यासाठी. तुम्ही वगैरे संपलं. तुझी आई तुला ये म्हणत होती. दर रविवारी. तू होय ऐकत बसलास कारण तुला तेच हवं होतं. त्या डब्यात जो कोण आहे त्याने नवीन काही केलं नाही. त्याने तुला हवं तेच ऐकवलं.

म्हणून बापाने शिकवलं तसं घालते. या वेळी नाव घेऊन. श्रीनाथ, कमलाक्षीच्या पुता. देणार काहीच नाही, दिलं तेवढं पुरे. आणि मुदत—

डबा घरघरतोय. आज रविवार नाही.

वायर वर आहे. मी इथून बघतेय.

कोणीतरी हॅलो म्हणतंय. बायकी आवाज. माझाच. विचारतेय, जानकी, वही लिहून झाली काय गो?

मी उत्तर देत नाहीय. ओठ दाबलेत. ओठ— आतून जीभ—

माईंनी माझा दुसरा हात धरलाय. पेनाचा सोडलाय. लिही म्हणतायत डोळ्यांनी.

श्रीनाथ, मंगळवार, वीस तारीख. दुपारच्या आत. तू स्वतः हाताने लिहिलेलं उत्तर, सगुणच्या फॅक्सवर. फोन नको, कंप्युटर नको. वाचलं म्हणून लिही, कधी येतोस ते लिही, आणि माझ्या आवाजात तुला कोणी काहीही कबूल केलं असेल तर ते मी नव्हे हे लिही. मंगळवार. वीस. मी तुला कधीच होय म्हटलेलं नाही, मी नाही म्ह—